बिनमिठाचं ताट

माझं वजन एकशे तीन किलो आहे हे अख्ख्या न्हावऱ्याला माहीत होतं, कारण ते मी डेअरीतल्या पेंडीच्या काट्यावर करायचो. घरी काटा नव्हता, आणि शिरूरच्या मेडिकलबाहेरच्या लाइट लुकलुकणाऱ्या मशीनवर माझा विश्वास नव्हता. सकाळी दूध घालून झालं की मी पोती मोजायच्या काट्यावर उभा राहायचो, डेअरीचे सचिव आकडा मोठ्यानं वाचायचे आणि रांगेतलं कोणीतरी म्हणायचं, पैलवान म्हणजे दोन पोती आन् वर तीन किलो. तालीम सुटून वीस वर्षं झाली होती. तालीम सुटली पण खुराक सुटला नाही, अशी आमच्याकडच्या बऱ्याच जुन्या पैलवानांची गत आहे, आणि मी त्यांच्यात वरच्या नंबरला होतो.

वजन कमी करायचं कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दोन वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिला शिरूरला डायलिसिसला नेत होतो, आधी मोटरसायकलवर आणि तिला चक्कर यायला लागल्यापासून एसटीनं. वरवंडचा तिचा भाऊ किडनी द्यायला तयार होता, तपासणीत त्याला शुगर निघाली. तिचे आईवडील नाहीत. आमची मुलगी कॉलेजात आहे, तिचं नाव कोणी काढायचं नाही असं बायकोनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. राहिलो मी. माझा रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. पुण्याच्या किडनीच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, सगळं चांगलं आहे, पण या वजनात मी तुमची किडनी काढणार नाही. अठ्ठ्याऐंशीच्या आत या, मग पुढचं बघू.

बाहेर पडल्यावर मी बायकोला म्हणालो, पंधरा किलो म्हणजे काय विशेष? कुस्ती करत होतो तेव्हा वजनगटात बसायला आठ दिवसांत पाच किलो उतरवायचो. पाणी तोडायचं, मीठ तोडायचं, घोंगडी गुंडाळून पळायचं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, हे बोलताना माझ्या लक्षात आलं नाही.

आईला हा सगळा प्रकार पसंत नव्हता. तिनं आरडाओरडा केला नाही, नुसती सरळ बोलली. "बायका नवऱ्याला देत्यात हे मी ऐकलंय. नवऱ्यानं बायकूला दिल्याचं अजून कोनी सांगितलं न्हाई मला." मी म्हणालो, मग आता तू लोकांना सांग. त्यावर तिनं माझ्याशी अबोला धरला. तिचा राग मला कळत होता, पण तिच्या राग धरण्याचा मलाही राग आला होता. सुनेच्या हातचं पंचवीस वर्षं खाल्लं होतं तिनं.

वजन कमी करणाऱ्या माणसाला सल्ला द्यायला भारत देशात परवाना लागत नाही. डेअरीत एकानं जिऱ्याचं पाणी सांगितलं, दुसऱ्यानं भात बंद करून फक्त ज्वारीची भाकरी. कारेगावला कंपनीत जाणारा चुलतभाऊ मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा, त्यातला माणूस सकाळी अंडी खा म्हणायचा आणि संध्याकाळच्या व्हिडिओत अंडी खाऊ नका म्हणायचा. डॉक्टरबाईंनी आहारतज्ज्ञांकडे जायला चिठ्ठी दिली होती. त्या दिवशी तिथं रांग होती आणि आमची परतीची गाडी होती. चिठ्ठी खिशात राहिली, पुढं धुण्यात गेली.

मी माझा मार्ग काढला. बायकोला किडनीच्या आजाराचं पथ्य होतं. तिचं जेवण बिनमिठाचं. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं आणि मग नुसती परतायची. डाळ बेताची. केळं नाही, शहाळं नाही, टोमॅटो जवळपास नाही. पिण्याचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवलेलं, दिवसभरात तेवढंच. दोन वर्षं ती हे जेवत होती आणि मी तिच्यासमोर बसून ठेचा, सुकट आणि रविवारी मटण हाणत होतो. मी ठरवलं, आजपासून जे तिच्या ताटात ते माझ्या ताटात, फक्त त्याच्या निम्मं. माझा हिशोब साधा होता. तिची किडनी बिघडलेली, माझी तिला द्यायची. तेव्हा दोन्हीला पथ्य एकच असणार. किडनीचं जेवण ते किडनीचं जेवण.

बायकोला हे पटलं नव्हतं. तिला आहारतज्ज्ञांनी समोर बसवून सगळं समजावलेलं होतं, आणि हे आजाऱ्याचं खाणं आहे, तुम्ही कामाचे गडी आहात, असं तिनं मला दोनतीनदा सांगितलं. मी म्हणालो, एका घरात दोन स्वयंपाक नकोत, तुझ्याच्यानं उभं राहवत नाही. हे कारण खरं होतं. पण त्याच्या आड दुसरंही होतं. ते जेवण जेवताना मला बरं वाटत होतं, दोन वर्षांचं काहीतरी फिटतंय असं वाटत होतं. आणि पाण्याची बाटली? मी तिच्यासारखीच एक भरून ठेवली. बाहेर ऊन चाळीसच्या पुढं गेलेलं, मी दुपारी दोन एकर लसूणघासातून फिरणार, पाच गाईंचा चारा कापणार, आणि बाटली तिची.

पहिल्या महिन्यात सहा किलो गेले. डेअरीत सचिव आकडा वाचताना आवाज चढवायला लागले. मला चेव आला. माणसाचं कौतुक झालं की त्याची अक्कल थोडी बाजूला सरकते, माझी चांगलीच सरकली. निम्म्याचं पाव केलं.

पहिला वांब आला तो घास कापताना. उकिडवा बसलेला होतो, डाव्या पायावर भार दिला आणि पोटरीत कोणीतरी मूठ आवळावी तसं झालं. वांब मला नवीन नव्हता, तालमीत कोणाला येत नाही? पण हा सुटेना. मी विळा टाकून तिथंच आडवा झालो आणि आभाळाकडं बघत शिव्या दिल्या. नंतर ते रोजचं झालं. मोटरसायकलला किक मारताना मांडी धरायची. धार काढताना बोटं आखडून सडालाच चिकटायची, गाय मान वळवून बघायची. एकदा शिंक आली आणि बरगड्यांत असा गोळा उठला की मी खांब धरून उभा राहिलो. शिंकसुद्धा बेतानं द्यायची वेळ आली.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. पुण्याच्या दवाखान्यात आमच्यासारखेच एक जण भेटले होते, बायकोला देणारे नव्हे, भावाला देणारे. त्यांनी सांगितलं होतं की देणाऱ्याचं जरा काही दुखतंय म्हटलं की डॉक्टर नाव काटतात. बीपी वाढलं, नाव कट. बारकासा खडा निघाला, नाव कट. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. माझं नाव कटलं तर तिच्यासाठी दुसरं नावच नव्हतं. मग पायात वांब येवो नाहीतर साप चावो, तोंड उघडायचं नाही असं मी ठरवलं.

उपाय मात्र शोधत होतो. तेल चोळलं, सुंठ लावली, पोटरीला फडकं बांधून झोपलो. त्यातच आमची एक गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी थरथरायला लागली, पाय टाकेना. जनावरांचे डॉक्टर आले, म्हणाले कॅल्शियम उतरलंय. शिरेतून बाटली दिली आणि पुढं रोज पाजायला पाच लिटरचा कॅन लिहून दिला. संध्याकाळपर्यंत गाय उभी राहून वैरण खात होती. मी गव्हाणीशी उभा राहून तिच्याकडं बघत होतो. तिचे पाय धरले होते, माझेही धरतात. तिला फरक पडला, मला का पडू नये?

सांगायला लाज वाटते, पण मी त्रैराशिक मांडलं. गाय चारशे किलोची, तिला शंभर मिली. मी नव्वदच्या आसपास, म्हणजे मला वीसबावीस मिली. पण वांब गाईपेक्षा जास्त, म्हणून पन्नास धरले, सकाळ-संध्याकाळ. चव गोड, खडू भिजवून त्यात आंब्याचा वास घातल्यासारखी. गाई आवडीनं पितात, त्यांना दोष देणार नाही. पाच आठवडे मी स्टीलच्या पेल्यानं ते प्यालो. वांब काही थांबले नाहीत, पण मी मनाशी म्हणत होतो, घेतलं नसतं तर याहून वाईट झालं असतं. असल्या औषधाचा हाच फायदा असतो.

काटा सत्त्याऐंशी किलो चारशेवर आला त्या दिवशी सचिवांनी डेअरीत पेढे वाटले. मी पेढा खिशात घालून बायकोला नेऊन दिला. तिनं तो आईला दिला, आणि आईनं तो देवापुढं ठेवला. आमचा अबोला त्या पेढ्यावर संपला.

सोमवारी पुण्याला गेलो. रक्त घेतलं, चोवीस तासांची लघवी डब्यात साठवून नेली होती ती दिली. डॉक्टरबाईंनी तपासायला आडवं झोपवलं आणि पाय लांब करायला सांगितलं. पाय लांब केला आणि पोटरी धरली. बाई पोटावर हात दाबत विचारत होत्या, काही त्रास वगैरे? अंगठा आतल्या आत वळला होता, डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, आणि मी म्हणालो, काही नाही मॅडम, एकदम फिट. बायको खुर्चीत बसली होती. ती माझ्या तोंडाकडं नाही, माझ्या पायाकडं बघत होती. तेव्हा मला ते जाणवलं नाही, नंतर आठवलं.

बुधवारी सकाळी गोठ्यात प्रकरण फुटलं. धार काढायला बसलो होतो, उठायला गेलो आणि दोन्ही पोटऱ्या आणि उजवी मांडी एकदमच धरली. मी बसल्या जागी उलथलो. बादली कलंडली, गाय बाजूला सरकली, नशीब तिनं लाथ मारली नाही. शेणात पडून मी गुरासारखा ओरडलो, कारण या वेळी तोंड मिटून धरणं माझ्या हातात राहिलं नव्हतं. बायको भिंतीला धरून आली. ती घाबरली नाही, तिनं काही विचारलंही नाही. खाली बसली, माझी टाच मांडीशी धरली, एका हातानं पायाची बोटं गुडघ्याकडं ओढली आणि तशीच धरून ठेवली. चोळलं नाही, दाबलं नाही. वांब सुटला. मग दुसरा पाय घेतला. डाव्या हातात डायलिसिसच्या सुयांच्या जागा फुगलेल्या, त्या हाताला जोर लावायचा नाही असं सांगितलेलं, म्हणून ती उजव्या हातानं ओढत होती आणि टाच मांडीनं दाबून धरत होती. तालमीतल्या वस्तादांनाही इतकं नेमकं जमलं नसतं.

मी धापा टाकत विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? मला येतोच की. मंगळवारी आन् शुक्रवारी, चौथ्या तासाला."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं नीट सांगितलं. मशीन अंगातलं पाणी ओढतं, शेवटाशेवटाला पाय धरतात. बऱ्याच जणांना होतं. दोन वर्षं, जवळजवळ दर वेळी. मला का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तेव्हा ती माझा पाय खाली ठेवून म्हणाली, "तुमी बाहेर बसलेलं. सांगून काय तुमचा पाय दुखनार होता?"

हे तिनं चिडून म्हटलं नव्हतं, म्हणून मला ते जास्त लागलं. डायलिसिस झाल्यावर ती पाय ओढत स्टँडकडं यायची. मला वाटायचं अशक्तपणा आहे, थोडी सवयही आहे. मी पुढं चालायचो आणि मागं वळून म्हणायचो, जरा पाय उचल, गाडी जाईल. किती वेळा म्हणालो असेन ते मला सांगता येत नाही. शेणात बसल्या बसल्या मला ते एकेक करून ऐकू यायला लागलं.

तिचं लक्ष मात्र दुसरीकडं होतं. कॅनशेजारी पेला होता. तिनं तो उचलून वास घेतला. "गाय पेल्यानं पिती व्हय?"

मग मी सगळं सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं, निदान शिव्या देईल. ती म्हणाली, हे सगळं डॉक्टरबाईंना सांगायचं. मी म्हणालो, वेडी आहेस का, नाव कटेल, मग तुझं काय? त्यावर तिनं जे म्हटलं ते मला अजून पाठ आहे.

"असली लपवून दिलेली मला नको. उद्या तुमची ऱ्हायलेली एक बंद पडली, तर ती कोन देनार हाय? मी?"

आम्हाला सांगायला जावं लागलंच नाही, दुसऱ्या दिवशी दवाखान्यातूनच फोन आला आणि आम्ही पुण्याला गेलो. रक्तात आणि लघवीत कॅल्शियम वाढलेलं होतं, किडनीवर ताण दिसत होता. डॉक्टरबाई रिपोर्ट समोर ठेवून माझ्याकडं बघत होत्या. मी बोललो. बिनमिठाचं ताट, उकळून पाणी फेकलेल्या भाज्या, एक बाटली पाणी, घास, ऊन, वांब, गाय, पेला. गाईपर्यंत आलो तेव्हा शेजारच्या ज्युनिअर डॉक्टरांनी मान खाली घातली. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या बायकोचं शरीर क्षार बाहेर टाकू शकत नाही म्हणून आम्ही ते तिच्या ताटातून काढतो. तुमचं टाकू शकतं, आणि तुम्ही उन्हात घामावाटे टाकतही होता. तिच्या ताटातून जे काढलं तेच तुमच्या पायांना हवं होतं. आणि जे पायांना नको होतं ते तुम्ही कॅनमधून पीत होता.

मी विचारलं, नाव कटलं का?

"थांबवलंय," त्या म्हणाल्या. "दोन महिने. माणसासारखं जेवा, मीठ घ्या, पाणी प्या, वजन तिथंच ठेवा. मग परत तपासू. आणि दुखलं तर सांगायचं. दुखणं लपवणाऱ्याची किडनी मी काढत नाही."

परतीच्या गाडीत बायको खिडकीशी डोळे मिटून बसली होती. दोन महिने ऐकून मला आधी हायसं वाटलं होतं, नाव कटलं नव्हतं म्हणून. मग शिक्रापूरच्या पुढं माझ्या डोक्यात आलं की दोन महिने म्हणजे मंगळवार आणि शुक्रवार मिळून सतरा वेळा. सतरा वेळा चौथा तास. मी पहिल्या वांबालाच तोंड उघडलं असतं तर यातलं एकही वाढलं नसतं. तिच्यासाठी म्हणून गप्प राहिलो आणि त्याची भरपाई तिच्या पायांनी करायची होती. मला रडू आलं. एसटीत रडायचं म्हणजे पंचाईत, मी टॉवेल तोंडावर घेऊन झोपल्याचं सोंग केलं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "पानी प्या आता. बाटली भरलेली हाय."

वांब दहाबारा दिवसांत गेले. मीठ, डाळ, ताक, एखादं केळं आणि पोटभर पाणी, एवढंच औषध होतं. कॅन गाईंना राहिला.

पहिल्याच शुक्रवारी मी डायलिसिसच्या सिस्टरना विचारलं, मला आत बसता येईल का? नातेवाइकांना आत सोडत नाहीत, पण शेवटचा तासभर बसा म्हणाल्या, चपला बाहेर काढा, मास्क लावा, कशाला हात लावू नका. मी दोन वर्षांत पहिल्यांदाच आत गेलो. चार खाटा, चार मशिनी, आणि तिच्या डाव्या हातातून जाणाऱ्या दोन लाल नळ्या. तो हात हलवायचा नाही. मला वाटलं होतं की वांब आला की ती उठून बसत असेल, पाय झटकत असेल. तिला उठताच येत नव्हतं. घड्याळात साडेतीन तास झाले आणि चादरीखाली तिची बोटं फाकली. तिनं उजव्या हातानं खाटेची दांडी धरली आणि वरच्या ट्यूबलाइटकडं बघत राहिली. ओरडली नाही. सिस्टर दुसऱ्या खाटेवर गुंतल्या होत्या. अशा वेळी आतापर्यंत ती त्यांचे हात मोकळे होण्याची वाट बघत पडून राहत होती, हे मला तेव्हा कळलं. सिस्टरनी सांगितलेलं विसरून मी चादर बाजूला केली, टाच धरली आणि बोटं ओढली. पोटरी दगड झाली होती. "एवढं जोरात नको," ती दातांतून म्हणाली, "गाय न्हाई मी."

सिस्टर आल्या. त्यांनी मशीनवरचा वेग कमी केला आणि पुढच्या मंगळवारपासून माझ्यासाठी स्टूल ठेवलं.

सतरातल्या एकाही वेळी मी बाहेर बसलो नाही. दर वेळी वांब आलाच असं नाही, पण तेरा वेळा आला. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं, पुन्हा डबा नेला, आणि काट्यावर सत्त्याऐंशीच भरलो. गेल्या गुरुवारी डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून ऑपरेशनची तारीख दिली. आई लगेच शेजारी सांगायला गेली.

तारीख मिळाली म्हणून शुक्रवार काही चुकत नाही. काल आम्ही नेहमीच्या गाडीनं शिरूरला गेलो. तीन तास झाल्यावर सिस्टरनी मला आत बोलावलं, मी मास्क लावून स्टुलावर बसलो. ती माझ्याकडं बघत नव्हती, शेजारच्या खाटेवरच्या मावशींशी त्यांच्या नातवाच्या लग्नाचं बोलत होती. बोलता बोलता तिनं चादरीतून पाय बाहेर काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. वांब अजून आलेला नव्हता.